दीक्षितांच्या घरचं दत्तक शिंग

ज्याला माझ्यावर विश्वास नसेल त्याने काशीला येऊन पंचगंगा घाटाच्या पायऱ्या बघाव्यात. मशिदीच्या खालच्या अंगाला, पाण्यापासून जरा वर, एका पायरीला गोल भोक आहे. नावाडी म्हणतात, तिथे पंड्यांच्या छत्रीचा बांबू रोवायचे. नावाड्यांना काय कळतंय! ते भोक एका हरणाने पाडलं.

हरीण हबशांच्या मुलखातलं. जहाजातून सुरतेला उतरलं आणि तिथून चालत काशीला आलं. शिंगांना पीळ असा, की सुताराने गिरमिट टाकून तेच हातात घ्यावं. तहानलेलं जनावर पाण्याला वाकलं, पाय घसरला, आणि एक शिंग गरगर फिरत पायरीत हातभर आत गेलं. ओढून निघेना. दहा नावाडी लागले, निघेना. तेव्हा रामघाटावरचे एक दीक्षित संध्या आटोपून वर येत होते. ते म्हणाले, अरे, उजवीकडून गेलंय ते डावीकडूनच येणार. मग त्या जनावराला पायरीभोवती उलट्या प्रदक्षिणा घालायला लावल्या. काशीत उलट्या प्रदक्षिणा घालून पुण्य मिळालेला तो एकच जीव. शिंग सुटलं. जनावर इतकं खूष झालं की ते शिंग त्याने दीक्षितांनाच देऊन टाकलं, आणि उरलेल्या एका शिंगावर आपल्या देशाला परत गेलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या, प्रभावतीच्या, लग्नाच्या पंगतीत. प्रभाचं सासर म्हणजे तेच रामघाटावरचे दीक्षित. घरात अग्निहोत्र, सकाळ-संध्याकाळ अग्नीला दूध. आणि आमच्या घरात वेद सोडून रेल्वे धरणारा पहिला मी; मुगलसरायच्या यार्डात डबे जोडायचे आणि तोडायचे. नव्या सोयऱ्यांना जरा हलवून बघावं म्हणून त्यांच्याच देवघरातल्या शिंगाची कथा त्यांच्याच पानांत वाढली. हबशांचा मुलूख का, तर काशीत थाप मारताना देश जपून निवडावा लागतो. मद्रास म्हणा, बंगाल म्हणा, काश्मीर म्हणा, तिथला एकजण घाटावर ओल्या धोतराने उभा असतोच, आणि तो म्हणतो, छे, आमच्याकडे असलं काही नसतं. आफ्रिकेचा माणूस रामघाटावर कुठून यायला?

तेव्हापासून रामघाट ते राजाघाट मराठी मंडळींत एक नियमच पडून गेला: "रत्नाकर सांगतो म्हणजे नसणार." लोक पदव्या मिळवायला विद्यापीठात जातात, मला ही घरबसल्या मिळाली.

शिंग मात्र खरं होतं, आणि त्याचं काम फार गंभीर होतं. सोमयाग करणाऱ्या यजमानाने दीक्षा घेतली की अंगाला नखं लावायची नाहीत. खाज सुटली तर कृष्णसाराच्या, म्हणजे काळविटाच्या, पिळाच्या शिंगाने खाजवायचं. शेजारी बसणाऱ्या त्याच्या बायकोलाही तोच नियम, पण तिला शिंग नाही, लाकडाची एक खुंटी. दीक्षितांकडचं शिंग दीड वितीचं होतं. टोकाकडचा तुकडा, बुडाला चांदीचं टोपण, पीळ असा सुरेख की बोट बुडाशी ठेवलं तर आपोआप फिरत टोकाला पोचावं. आणि टोक पांढरंशुभ्र. त्याचंही कारण मी लोकांना सांगून ठेवलं होतं: दीक्षितांच्या पूर्वजांनी इतके याग केले आणि काशीचे डास त्यांना इतके चावले, की खाजवून खाजवून शिंगाचा रंग उडाला.

चौऱ्याण्णव सालच्या माघात माझे मेहुणे वेणीमाधव दीक्षित सोमयागाच्या तयारीला लागले. वय सत्तरीचं. त्यांच्या वडिलांनी केला होता, त्यानंतर त्या घरात झाला नव्हता. हा याग वसंतातच होतो, आणि बायको शेजारी बसल्याशिवाय होत नाही. प्रभाच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. पायऱ्या उतरून गंगेवर जाणं दिवाळीपासून बंद. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, बसून राहायचं असेल तर ह्या वसंतात हरकत नाही. पुढच्या वसंताचं विचारल्यावर ते कानातली नळी काढून नीट गुंडाळायला लागले.

ते प्रभानेही पाहिलं होतं. घाबरायचा तिचा स्वभाव नाही. मला म्हणाली, "दादा, लग्न झाल्यापासून ह्या अग्नीचं रांधतेय. गोवऱ्या मी, समिधा मी, दूध मी. एकदा त्याच्या पंगतीला बसू दे की मला."

तर अशा वेळी, एका सकाळी, शिंग डब्यातून काढून तूप लावायला गच्चीवर आणलं. दीक्षित, प्रभा, मी आणि दीक्षितांची नात हिमानी, एवढेच होतो. हिमानी विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती. ते शिंग तिने जन्मात उजेडात पाहिलं नव्हतं. तिने ते हातात घेतलं, फिरवलं, उन्हात धरलं.

"आजोबा, हे कशाचं म्हणालात?"

"कृष्णसाराचं."

"काळवीट? पक्का?"

"पाच पिढ्या घरात आहे."

"असू दे ना पाच पिढ्या. काळविटाच्या शिंगाला कडी असतात, बांगड्या भरल्यासारखी. टोकाकडे ती पुसट होतात, पण ह्याला पार बुडापर्यंत एक पण नाही. आणि ही धार बघा. पिळाबरोबर फिरत टोकापर्यंत गेलीय. काळविटाला अशी धार नसते. वरून टोक पांढरं..."

"ते खाजवून," मी म्हटलं.

"मामाआजोबा, एक मिनिट चुप बसा ना, प्लीज. आजोबा, ये तो कुडू है. पिळाच्या शिंगांच्या हरणांचं एक वेगळंच घराणं आहे, त्यातला. हा आपल्याकडे होतच नाही. आफ्रिकेत होतो."

मग तिघंही हळूहळू माझ्याकडे बघायला लागले.

जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण एकीनेही माझा असा घात केला नव्हता. खरी ठरली, आणि तीही नको त्या दिवशी!

"तुला कसं माहीत होतं?" दीक्षितांनी विचारलं.

"दाजी, देवाशपथ, मला काही माहीत नव्हतं. मी सरळ खोटं सांगत होतो."

प्रभाला हसू फुटलं आणि हसता हसता धाप लागली. दीक्षित हसले नाहीत. त्यांनी शिंग नातीच्या हातातून घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाले, "मग ह्या वर्षी याग नाही. कृष्णसाराचं शिंग मिळवू आणि करू."

"कुठून मिळवणार?" हिमानी म्हणाली. "काळवीट संरक्षित आहे, आजोबा. शिंग विकत घेतलं तर विकणारा आणि घेणारा दोघे आत जातात."

"विकत कशाला? वनखात्याकडे अर्ज करीन. धर्मकार्याला परवानगी देतील. पुढच्या वसंतात करू."

हे ते त्या गुंडाळीकडे बघून बोलले. प्रभाकडे बघून बोलणं त्यांना जमलं नसतं. प्रभा उठली आणि खाली स्वयंपाकघराकडे निघाली. अर्ध्या जिन्यात बसली, दम घेतला, पुन्हा उठली.

दीक्षितांना मी बरंच समजावून पाहिलं. म्हटलं, पाच पिढ्यांना चाललं, सहावीला काय झालं? ते म्हणाले, "त्यांना माहीत नव्हतं. मला आता माहीत आहे. माहीत असताना ते हातात धरून कृष्णसाराचं म्हणू? अग्नीसमोर?" सरळ माणसाशी वाद घालणं फार अवघड असतं, त्याला पकडायला कुठे गाठच नसते.

हिमानी माझ्यामागे गल्लीपर्यंत आली. डोळे भरलेले. "मामाआजोबा, मी बोलायला नको होतं का? आजीचं सगळं..."

"मला विचारतेस? खरं बोलल्यावर पुढे काय करायचं असतं ह्याचा मला अनुभव नाही. पण थांब, माणूस घेऊन येतो."

माणूस म्हणजे राजाघाटाचे बिंदुमाधवशास्त्री. यागाचे मुख्य ऋत्विज तेच होणार होते; ते जे म्हणतील त्याला काशीतली वैदिक मंडळी मान डोलावणार. मी नाव केली, राजाघाटावर गेलो, त्यांना पाटावरून उठवलं आणि नावेत बसवलं. येताना पाण्याच्या ओघाने येतात, त्यामुळे नावाड्याला काम कमी आणि कान मोकळे.

"काय गुरू," शास्त्रीबुवांनी पान तोंडात सारलं, "एवढी घाई कसली?"

"घात झाला, शास्त्रीबुवा. दीक्षितांचं शिंग आफ्रिकेचं निघालं."

"हे तू प्रभावतीच्या लग्नापासून सांगतोयस."

"ह्या वेळी खरं आहे."

"त्या वेळीही खरं आहे म्हणाला होतास. मला भर उन्हात भोक दाखवायला नेलं होतंस."

"भोक खरं होतं की!"

नावाड्याचं वल्हं हसण्याने चुकलं. शास्त्रीबुवा मात्र एकदम खुलले. म्हणाले, "रत्नाकरा, तुला खरं सांगतो, त्या शिंगाविषयी मला मनातून शंका होती. फार गुळगुळीत आहे. पण तू ज्या अर्थी आजही आफ्रिका म्हणतोस, त्या अर्थी शंका फिटली. काळविटाचंच आहे ते."

आता बघा, मी गप्प बसलो असतो तर? मुख्य ऋत्विजाचा निर्णय झाला होता, तोही माझ्या प्रतिष्ठेच्या आधारावर. पण दीक्षितांना तो पटला नसता. खऱ्याची एवढी अडचण मला आधी कधी झाली नव्हती. मी म्हटलं, "मी म्हणत नाही, हिमानी म्हणते."

शास्त्रीबुवांचं पान चघळणं थांबलं. "हिमानी म्हणते? मग कठीण आहे."

रामघाटाच्या पायऱ्या चढून ते घरात आले. बैठकीत सतरंजीवर बसले, शिंग मागून घेतलं, बोटाने धार चाचपली. दीक्षित समोर, हिमानी दाराशी. प्रभा आत भाजी चिरत होती. विळीचा आवाज येत होता.

"जनावराचं नाव काय म्हणालीस, मुली?"

"कुडू."

"ही हाक झाली. नाव काय?"

सकाळी गच्चीवर शिंग उन्हात धरून ती स्वतःशीच पुटपुटत होती ते मी ऐकलं होतं. लांबलचक काहीतरी, प्रवर म्हटल्यासारखं. त्यात काय होतं ते मला कळलं नव्हतं. पण यार्डात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सवय असते: रूळ पुढे जात नसेल तर दिसेल तो खटका ओढून बघायचा. मी म्हटलं, "हिमा, पूर्ण नाव सांग. शास्त्रीबुवांना गोत्रासकट लागतं."

"ट्रॅजेलॅफस स्ट्रेप्सिसेरोस," ती म्हणाली. "पहिला शब्द म्हणजे बोकड-हरीण. दुसरा, पिळाच्या शिंगांचा."

"वा!" शास्त्रीबुवांची मान हलली. "म्हणजे पहिलं गोत्र आणि दुसरं पाळण्यातलं नाव. आणि कृष्णसाराचं?"

"अँटिलोप सर्विकाप्रा."

"आणि आपली नीलगाय? तीही हरणासारखीच की."

"ती तर कुडूची जवळची आहे. बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस. बैल-हरीण, बोकड-उंट."

आतून विळी थांबली. "बाई गं! एका जनावराच्या नावात चार जनावरं?"

"बारशाला चार आत्या आल्या असतील," मी म्हटलं. "एकीलाही नाही म्हणवलं नसेल."

"हसण्यावारी नेऊ नका," दीक्षित म्हणाले. "कुडूचं गोत्र वेगळं, कृष्णसाराचं वेगळं. संपलं. शास्त्रीबुवा, तुम्हाला उगाच त्रास झाला."

शास्त्रीबुवांनी शिंग खाली ठेवलं. उठायला हात टेकले. मी घाईने म्हटलं, "हिमा, सकाळी तू म्हणत होतीस तेव्हा नाव इथे संपलं नव्हतं. पुढे आणखी काहीतरी होतं."

"ते ज्याने नाव ठेवलं त्याचं नाव, मामाआजोबा. एक जर्मन पंडित होता. आणि साल, सतराशे सहासष्ट. ते कंसात लिहितात."

"कंसात का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

ह्या लोकांचं असंच असतं. ज्यांनी एकेका अक्षराचा स्वर का खाली आणि का वर ह्यावर बारा वर्षं काढली, त्यांच्यासमोर कंस आणून ठेवला तर ते त्याला सोडणार आहेत का?

"नियम आहे," हिमानी म्हणाली. "नाव ठेवलं तेव्हा प्राणी एका गोत्रात असेल आणि मागाहून कोणी त्याला दुसऱ्या गोत्रात नेलं, तर आधी नाव ठेवणाऱ्याला कंसात टाकतात. म्हणजे कळतं, की हा मूळचा इथला नाही."

शास्त्रीबुवा परत खाली बसले. नीट मांडी घातली.

"दत्तक," ते म्हणाले.

"काय?"

"दत्तक गेला. दत्तक गेलं की गोत्र बदलतं. आणि जन्म देणारा बाप कंसात जातो. बरोबर आहे, आमच्याकडेही तो कंसातच असतो, कार्याला बोलावतात पण पुढे बसवत नाहीत. आता सांग, हा कुडू आधी कुठल्या गोत्रात होता?"

हिमानीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "त्याने काही फरक पडत नाही."

"कुठल्या?"

"अँटिलोप."

"कृष्णसाराच्या?"

"हो, पण..."

"दीक्षित!" शास्त्रीबुवांनी मांडीवर थाप मारली. "मुलगा दत्तक गेला तरी लग्न जमवताना आपण दोन्ही गोत्रं टाळतो की नाही? का टाळतो? जन्माचं गोत्र सुटत नाही म्हणून! हा कुडू जन्माने कृष्णसाराचा सगोत्र आहे."

"असं नसतं हो!" हिमानी कळवळून म्हणाली. "ते तुमचं गोत्र नाही. त्या जर्मनाने सगळी पिळाची शिंगं बघितली आणि एका टोपलीत टाकली, बस. त्याची चूक होती. कुडू काळविटाच्या जवळचा नाहीच. खरं म्हणजे तो गाईच्या जवळचा आहे."

मी डोळे मिटले. पोरीचा प्रामाणिकपणा आजोबांवर गेला होता, तिथे उपाय नाही.

"गाईच्या?" शास्त्रीबुवा म्हणाले. "म्हणजे दत्तक घर बोकड-हरणांचं, भाऊबंद गाईचे आणि जन्मगोत्र कृष्णसाराचं? माझ्या जावयापेक्षा चांगलं कुळ आहे की हे!"

"शास्त्रीबुवा, थट्टा नको," दीक्षित म्हणाले.

"थट्टा नाही. मुली, तू मला एकच सांग. त्या पंडिताने दोघांना एकत्र का टाकलं?"

"सारखे दिसले म्हणून."

"त्याने शिंगं पुष्कळ पाहिली होती?"

"त्या काळी त्याच्याइतकी फार थोड्यांनी."

"झालं तर. आम्हाला तेवढंच लागतं. शास्त्राने सांगितलेली वस्तू मिळत नसेल तर तिच्यासारखी दिसणारी घ्यायची, तिला प्रतिनिधी म्हणतात. रक्त आम्ही कुठे तपासतो? खरा सोम तरी कोणी पाहिलाय? त्याच्यासारखी वेल आणतो, आणि ती वेल आहे हे कोणापासून लपवत नाही. ह्या शिंगाचंही लपवायचं नाही. संकल्पातच सांगायचं, हे कृष्णसाराचं नव्हे, त्याच्या जागी घेतलंय. तू म्हणतेस ते सगळं खरं ठेवायचं आणि यागही करायचा. चालेल?"

हिमानीने जरा विचार केला. एखादं जनावर तपासावं तसं ते वाक्य तिने सगळीकडून तपासलं. "कुडू म्हणूनच सांगणार?"

"कुडू म्हणूनच."

"मग चालेल," ती म्हणाली.

"आणि वडिलांनी केला तो?" दीक्षितांनी विचारलं.

"नकळत झालं. तुपाची एक आहुती जास्त घाला, मिटलं."

मला वाटलं, जिंकलो. पण दीक्षित तसेच बसून होते. फडक्याची घडी घालत होते, मोडत होते. म्हणाले, "प्रतिनिधी तो प्रतिनिधीच. मूळ वस्तू मिळणारच नसेल तर गोष्ट वेगळी. इथे वर्षभर थांबलं तर मिळण्यासारखी आहे. जन्मात एकदा करायचा याग, त्यात उणं कशाला?"

शास्त्रीबुवांचा आवाज चढला. "दीक्षित, तुमचं पाठ आहे ना सगळं? मग सांगा, कशाकशाला प्रतिनिधी चालत नाही?"

दीक्षितांनी सवयीने बोटं मोजायला घेतली. "देवतेला चालत नाही. अग्नीला नाही. मंत्राला नाही. कर्माला नाही. आणि यजमानाला..."

बोट तसंच राहिलं.

"यजमानाला आणि?"

आतून प्रभा दारात आली. हाताला भाजीची पानं चिकटलेली, एक हात चौकटीला.

"म्हणा ना," ती म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नाही."

"यजमानाला आणि त्याच्या पत्नीला," दीक्षित म्हणाले.

"चालतो का नाही?"

"नाही चालत."

"आणि शिंगाला?"

"शिंगाला चालतो."

"बरं. मग त्या वनखात्याच्या अर्जात आणखी एक ओळ घाला. पुढच्या वसंतात शेजारी बसायला मी कुठून आणायची, तेही त्यांनाच विचारा."

एवढं बोलून ती आत गेली. विळीचा आवाज लगेच सुरू झाला नाही. आम्ही चौघंही तो सुरू व्हायची वाट बघत होतो. झाला.

दीक्षितांनी फडकं सोडलं, शिंग उन्हाच्या कवडशात धरलं आणि त्या पांढऱ्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हिमानी, तूप आण. सकाळी अर्धवट राहिलं."

चैत्रात पंचक्रोशीच्या रस्त्यावरच्या एका आंब्याच्या बागेत याग झाला. संकल्पाच्या वेळी शास्त्रीबुवांनी कुडूचं पूर्ण नाव संस्कृतात घातलं: जन्माने कृष्णसारगोत्र, दत्तविधानाने अजमृगगोत्र, आवर्तशृंग नावाचा, आफ्रिकाखंडनिवासी. काशीतली भली भली वैदिक मंडळी माना वर करून ऐकत होती, आणि हिमानी मांडवाच्या दोरीपाशी उभी राहून एकेक शब्द तपासत होती. त्या आफ्रिकाखंडाला मला कोणीतरी कोपराने ढोसलं. "रत्नाकरा, ही तुझीच का?" मी म्हटलं, "माझीच. पण आता खरी आहे." तो म्हणाला, "जा रे!"

पाच दिवस प्रभा बसली. तिसऱ्या दिवशी पाठीला लोड लागला, चौथ्या दिवशी दूध सोडून काही घेतलं नाही, पण उठली नाही. दीक्षितांना डास चावत होते आणि ते मोठ्या गांभीर्याने कुडूच्या शिंगाने खाजवत होते. माझी बहीण आपल्या खुंटीने खाजवायची आणि त्या शिंगाकडे बघायची. पाचव्या दिवशी यजमानाने ते शिंग वेदीबाहेरच्या खड्ड्यात टाकायचं असतं. आणि दीक्षितांच्या घरचा रिवाज असा, की याग आटोपल्यावर ते उचलून आणायचा मान यजमानाच्या मेहुण्याचा.

शेवटचं स्नान झालं, दीक्षा सुटली, मंडळी जेवायला बसायच्या गडबडीत होती. मी खड्ड्यात उतरून शिंग काढलं, धोतराच्या सोग्याने माती पुसली. आंब्याखाली बाजेवर प्रभा बसली होती. केस ओले, चेहरा उतरलेला आणि डोळे अगदी शांत. शेजारी दीक्षित.

"दादा, दे इकडे ते."

"कशाला?"

"दे म्हणते ना. पाच दिवस ह्यांना आफ्रिका आणि मला खुंटी!"

मी दिलं. तिने ते खांद्यावरून मागे नेलं, पण हात पोचेना, धाप लागली. तशी तिने शिंग दीक्षितांच्या हातात ठेवलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. सगळा मांडव आजूबाजूला होता. शास्त्रीबुवा समोरून येत होते. दीक्षितांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि टोकाकडून हळूच खाजवायला सुरुवात केली.

"इथे?"

"जरा डावीकडे," प्रभा म्हणाली. "अजून. हां... तिथे."